सर्वाधिकार नानांना!

राजकीय पक्षाच्या कार्यालयात उरलेली पत्रकं साचतात, सुकलेले हार साचतात आणि किस्से साचतात. पत्रकं रद्दीवाला नेतो, हार कचऱ्यात जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही हो! ते माझ्यासारखीच्या डोक्यात ठाण मांडून बसतात आणि चार माणसं चहाला जमली की बाहेर पडतात.

परवा सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही खरंच पॉलिटिक्समध्ये होतात?"

म्हटलं, "होते म्हणजे काय! कार्यालय चिटणीस होते. नानांच्या खालोखाल चाव्या माझ्याकडे असायच्या!"

आमची आघाडी फक्त पुणे शहरापुरती. जकात नाका ओलांडला की आम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. पण महापालिकेत आमचे पाच-सात नगरसेवक कायम असायचे. आघाडीला छान लांबलचक नाव होतं, ते आमच्याच सभासदांना धड सांगता यायचं नाही. "नानांची पार्टी" म्हटलं की मात्र रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. आणि नाना माणूस असा, की निवडून आल्याचा पेढासुद्धा कधी घरी नेला नाही. अशा माणसाबरोबर काम केलं याचा मला आजही अभिमान आहे. उगाच कशाला लाजू?

*

मी राजकारणात आले ती भांडून.

नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता आणि बरोब्बर खाली आघाडीचं कार्यालय. संध्याकाळी वर आमची यंत्रं खडखडायची आणि खाली नानांचं भाषण. नाना "दोनच मिनिटं बोलतो" म्हणून उभे राहायचे आणि लोकांचे पाय बधिर झाले तरी खाली बसायचे नाहीत. त्यांच्या दोन मिनिटांची अख्ख्या शहराला धास्ती होती.

एक दिवस नाना स्वतः जिना चढून वर आले. पांढरा झब्बा, जाड भिंगांचा चष्मा.

"बाई, तुमच्या यंत्रांच्या आवाजात माझं भाषण ऐकू येत नाही."

म्हटलं, "तुमचं भाषण आम्हाला ऐकू येतं, म्हणून तर मी मुलींना जोरात टाइप करायला सांगते."

क्लासमधल्या मुली माना खाली घालून बसल्या. मला वाटलं, आता संपलं, उद्या हा माणूस क्लासला टाळं लावतो. नाना मात्र असे हसले, असे हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "टायपिंगबाईंना चिटणीस करा. त्या एकट्याच खरं बोलतात."

*

चिटणीस झाले आणि पहिल्याच बैठकीत मला आघाडीचा कारभार कळला.

विषय कोणताही असो, थोडी चर्चा व्हायची, थोडा आरडाओरडा व्हायचा, मग बापू उठायचा. बापू कसबा पेठेतला, तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणारा. जन्मभर ठोक्यांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे कानात कुजबुजला तरी चौकात ऐकू जायचं. तो ओरडायचा, "या विषयाचे सर्वाधिकार नानांना!" मोघे सर, म्हणजे आमचे कॉलेजातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक, बसल्या जागेवरून म्हणायचे, "अनुमोदन." मग नाना जमिनीकडे बघत विचारायचे, "विरोधात कोण?" विरोधात कोणी नसायचं. ठराव मंजूर, चहा.

उमेदवार कोण? सर्वाधिकार नानांना. युती कोणाशी? सर्वाधिकार नानांना. ठरावाचा मजकूर मला इतका पाठ झाला होता, की क्लासमध्ये पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी तो त्यात भरूनच ठेवला. फक्त विषयाची जागा मोकळी!

एकदा विषय होता कार्यालयाला नवीन सतरंजी घ्यायचा. जुनीला भोकं पडली होती. निळी घ्यावी की लाल, यावर बरीच वादावादी झाली आणि उठला बापू. "सतरंजीचे सर्वाधिकार नानांना!"

नाना वैतागले. "अरे बापू, मला सतरंजीतलं काय कळतं? मी तर खुर्चीवर बसतो!"

"म्हणूनच तर नाना," बापू म्हणाला, "आमच्यातल्या कोणी रंग ठरवला तर बाकीचे बसणार नाहीत तिच्यावर."

सगळे हसले. नाना मात्र हसले नाहीत, हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

*

निवडणुकीच्या ऐन धामधुमीत नानांचा घसा बसला. डॉक्टरांनी एक शब्दही बोलायला बंदी केली. आणि संध्याकाळी कोथरूडला सभा!

सभा रद्द करणं बापूला माहीत नव्हतं. त्याने नानांना स्टेजवर बसवलं आणि माइकसमोर टेपरेकॉर्डर ठेवला. त्यात नानांच्या जुन्या भाषणाची कॅसेट. पण कोणती कॅसेट, हे बघायला नको का?

कॅसेट सुरू झाली. "या परदेशी कंपन्यांना मी पुण्यात पाऊल ठेवू देणार नाही! एकही कंपनी इथे येता कामा नये!"

आता समोर बसलेत कोण? कोथरूडच्या सोसायट्यांतले आईबाप. निम्म्यांची पोरं त्याच कंपन्यांत कॉम्प्युटरवर नोकरीला लागलेली. आणि नानांचं स्वतःचं मत तोवर बदललेलं. ते तर कंपन्यांच्या स्वागताचं बोलायला आले होते! बिचारे खुर्चीतून दोन्ही हात हलवून "नाही, नाही" सांगत होते. ते जितके हात हलवत, तितक्या जोरात टाळ्या. मागून एक गृहस्थ ओरडले, "नाना, तुम आगे बढो!"

ती जागा आम्ही दणक्यात जिंकलो.

घसा सुटल्यावर नाना मोघे सरांना म्हणाले, "सर, मी त्यांच्या पोरांच्या पोटावर पाय देत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते. लोक ऐकतच नाहीत का मी काय बोलतो ते?"

सर म्हणाले, "ऐकत नाहीत हो नाना. तुम्हाला बघतात."

त्या दिवशी विजयाचे पेढे सगळ्यांनी खाल्ले, नानांनी नाही. त्याच वर्षी त्यांच्या छातीत पहिली कळ आली. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "टायपिंगबाई, लग्नाच्या मांडवातून नवरदेव उठून गेला तर मागे काय उरतं?"

"काय?"

"खुर्च्या. आपली आघाडी तशी आहे. मी गेलो की लोक खुर्च्या गोळा करून घरी जातील. एवढी वर्षं खपून मी नुसता मांडव घातला." मग म्हणाले, "मला मरायच्या आधी या सतरंजीवर विरोधातला एक हात बघायचाय. एकच. तो दिसला की समजेन, माझ्यामागे हे चालेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात कोण वर करणार होतं? मी तरी कुठे केला होता!

*

मग आली वैशाली.

मुलगी अकोल्याकडची, आयटी कंपनीत नोकरीला, नवऱ्यासकट कोथरूडला फ्लॅट घेतलेला. सोसायटीला पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन आली. नानांनी अर्ज वाचला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "बघू."

नानांचं "बघू" म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. त्यानंतर माणसाने नमस्कार करून निघायचं असतं. ही हललीच नाही.

"बघू म्हणजे कधी?"

बापूने तोंडावर हात ठेवला.

"कधी म्हणजे? बघू की लवकर," नाना म्हणाले.

"नाही, तुम्ही बघून राहिले ते ठीक आहे हो काका, पण किती दिवस बघून राहणार? आमच्याकडे टँकर येऊन राहिला ना बाप्पा रोज!"

काका! नानांना काका! मोघे सरांना ठसका लागला. नाना उठले, चपला घातल्या आणि तिच्या स्कूटीवर मागे बसून पाण्याची टाकी बघायला गेले. आयुष्यात प्रथमच नाना कोणाच्या तरी मागे बसलेले आम्ही पाहिले.

पुढे कोथरूडचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा नानांनी तिला उभं केलं. निवडून आली. प्रचारात तिचं भाषण दोन मिनिटांचं असायचं आणि ते खरोखर दोन मिनिटांत संपायचं. बापू मला म्हणाला, "ताई, हिला राजकारण जमायचं नाही."

*

नानांची लेक अमेरिकेत. जावई कॉम्प्युटरवाले. लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा माई, म्हणजे नानांची बायको, निघाल्या आणि हट्टाने नानांनाही घेऊन गेल्या. इथे राहिले तर औषधं घेणार नाहीत म्हणून.

इकडे आघाडी ठप्प! महापालिकेत महापौराची निवड, आमच्या मतांवर सगळं अडलेलं, आणि नाना साता समुद्रापार बाळाचे लंगोट वाळत घालतायत. फोन लावावा तर आमचा दिवस तेव्हा त्यांची रात्र. शेवटी वैशालीने शेजारच्या सायबर कॅफेतून नानांच्या जावयाला ईमेल पाठवला. उत्तर आलं. बापूने त्याची प्रिंट काढून आणली, दोन्ही हातांवर घेऊन, देवळातून प्रसाद आणावा तशी. आणि ती नानांच्या खुर्चीवर ठेवली. आम्ही सगळे खाली सतरंजीवर.

मोघे सरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मजकूर होता, "तुम्हीच ठरवा."

सही नाही, तारीख नाही. बस, दोन शब्द.

मग चर्चा सुरू झाली. नानांना यातून काय सुचवायचं आहे? मोघे सर म्हणाले, "'तुम्हीच' यातला जोर बघा. ते रागावलेत." बापू म्हणाला, "नाही सर, ते आपली परीक्षा बघतायत." किसनराव म्हणाले, "त्यांच्या मनात कोण हाय ते आपण वळखायचं, असा अर्थ हाय." वैशाली एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

शेवटी ती म्हणाली, "अहो, काहून डोकं फोडून राहिले? त्यांनी सोपं लिहून पाठवलं ना! ठरवा म्हणे!"

बापू उठला. "नानांचा 'तुम्हीच ठरवा' हा आदेश आम्हाला एकमताने मान्य आहे! आणि काय ठरवायचं, याचे सर्वाधिकार नानांना!"

"अनुमोदन," मोघे सर म्हणाले.

वैशालीने कपाळावर हात मारून घेतला. मी ठराव कॉम्प्युटरवर काढून दिला, कारण मजकूर तयारच होता.

*

आत्ता किसनरावांचं नाव आलं, तर त्यांचंही सांगते. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावचे. शेत होतं तिथे कंपनीची काचेची बिल्डिंग उभी राहिली आणि बैलगाडीच्या जागी एकदम मोठी गाडी आली. माणूस दिलदार, पण घाई फार. नाना अमेरिकेहून परत आले आणि अध्यक्षपद सोडायचं नाव काढेनात, तेव्हा किसनराव फुटले. आपली वेगळी आघाडी काढली.

पोटनिवडणूक लागली. चौकात एका बाजूला आमचा बॅनर, नानांचा फोटो. समोर किसनरावांचा बॅनर, त्यावरही नानांचाच फोटो, आणि आमच्यापेक्षा मोठा! दोघांच्या प्रचाराच्या रिक्षा एकाच वेळी ओरडायच्या, "नानांचे हात बळकट करा!"

एक आजीबाई बॅनर बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "दोन्हीकडं नानाच हायत व्हय? मग भांडान कुनाचं हाय?"



शेवटी नानांनीच किसनरावांना गाठलं. "किसनराव, माझ्याविरुद्ध लढताय ना? लढा की! पण मग माझा फोटो कशाला?"

किसनराव कसनुसे झाले. "काय करू नाना? दुसरा फोटूच न्हाई आमच्याकडं!"

दोघंही पडलो. तिसराच निवडून आला. त्याच्या बॅनरवर त्याचा स्वतःचा फोटो होता.

निकालाच्या दिवशी नाना कार्यालयात भिंतीवरच्या आपल्या तसबिरीसमोर बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "बाई, बैठक बोलवा. किसनरावांनाही बोलवा."

*

ती बैठक रविवारी सकाळी झाली. सतरंजी भरून गेली. किसनराव आले, चपला काढून दाराशीच बसले. नाना खुर्चीवर. दुसऱ्यांदा छातीत दुखल्यापासून ते फार वाळले होते.

"दोन मिनिटं बोलतो," नाना म्हणाले. सवयीने सगळ्यांनी मांड्या घातल्या, पाठी भिंतीला टेकल्या. पण नाना खरंच थोडक्यात बोलले.

"मी अध्यक्षपद सोडतोय. नवा अध्यक्ष तुम्ही निवडायचा, आज, इथे, उठायच्या आधी. मी नाव सांगणार नाही, खूण करणार नाही. तुम्हाला निवडता आला नाही, तर उद्या टायपिंगबाई चाव्या घरमालकांना देतील आणि पाटी मी माझ्या हाताने उतरवीन."

मोघे सरांनी झब्ब्याची कॉलर सारखी केली. एवढ्या वर्षांची आघाडी, आणि त्या क्षणी ती एका माणसाच्या होकारावर टांगलेली. आणि तो माणूस होकार द्यायला तयार नव्हता! चाव्या पदरात होत्या, त्या मी घट्ट धरल्या.

आणि बापू उठला.

"नवा अध्यक्ष निवडण्याचे सर्वाधिकार नानांना!"

मी डोळे मिटून घेतले.

"अनुमोदन," मोघे सर म्हणाले.

नानांनी मान खाली घातली. एखाद्या दमलेल्या बापासारखा त्यांचा आवाज आला. "विरोधात कोण?"

उत्तर येणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते खुर्चीच्या हाताला धरून उठायलाच लागले होते. वैशाली हात वर करायला गेली, पण तिच्या आधीच एक हात वर गेला होता. काळा, घट्टे पडलेला, तांब्याच्या ठोक्यांनी बोटं वाकडी झालेला.

बापूचा!

नाना बघतच राहिले. "बापू... अरे, ठराव तूच मांडलास ना?"

"मांडला नाना. तोंडाला सवय लागलीये." बापूचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू की मागच्यांना ऐकू गेला नाही. "पण हात विचार करून वर केलाय."

मग वैशालीचा हात वर गेला. माझा गेला. दाराशी किसनरावांचा गेला. बघता बघता सतरंजीवर हातच हात! मोघे सर एकटे राहिले, तेही इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी अनुमोदन मागे घेतो." ठराव पडला. इतक्या वर्षांत 'नामंजूर' हा शब्द मी पहिल्यांदा टाइप केला. सांगते ना, छाती अशी भरून आली!

पुढे बापूनेच नाव सुचवलं. "वैशाली. ती नानांना 'कधी' विचारते. मला नाही जमलं कधी."

किसनराव कुरकुरले, "पर ती आपल्या गावची न्हाई."

"पुण्याचा प्रॉपर्टी टॅक्स भरून राहिली मी," वैशाली म्हणाली. "अजून कोणतं गाव पाहिजे?"

मतं घेतली. एकमत झालं नाही. किसनरावांनी विरोधात हात केला, मोघे सर तटस्थ राहिले, वैशाली निवडून आली. नानांच्या चेहऱ्यावर तो विरोधातला हात बघून जो आनंद होता, तो मी त्यांच्या कुठल्याही विजयाच्या मिरवणुकीत पाहिला नव्हता.

ते खुर्चीवरून उतरले. गुडघे धरून हळूहळू खाली सतरंजीवर बसले, बापूशेजारी. बापूने हात दिला. सतरंजीवर हात फिरवत नाना म्हणाले, "बरी आहे की रे. निळी घेतली तेच छान झालं." वैशाली खुर्चीच्या अगदी कडेवर, पडते की काय अशी बसली.

जरा वेळाने खालून नानांनी हात वर केला.

"अध्यक्ष, दोन मिनिटं बोलू का?"

आम्ही सगळ्यांनी वैशालीकडे बघितलं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"नाना, एकच मिनिट हं."

नाना उठले, बोलले, आणि मिनिटभरात खाली बसले.